रिपोर्ट नॉर्मल, जुलाब चालूच: पित्ताम्लांकडे कधी पाहिलंय?

कोलोनोस्कोपी झाली, काही सापडलं नाही. रक्ताच्या तपासण्या ठीक, थायरॉइड ठीक. तरी जेवण झालं की थोड्या वेळात पोटात मुरडा येतो, पातळ शौचाला होतं, आणि घाई अशी की दम धरता येत नाही. बाहेर पडायचं तर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायचं आणि मग पुढचा बेत ठरवायचा. अशा माणसाच्या फाइलवर शेवटी बहुतेकदा 'आयबीएस' लिहिलं जातं. म्हणजे आतड्याच्या रचनेत दोष दिसत नाही, पण त्याचं काम बिघडलेलं आहे.

निदान चुकीचं असतंच असं नाही, पण ते बरेचदा अर्धवट असतं. जुलाबाचा त्रास असलेल्या आयबीएसच्या रुग्णांची मुद्दाम तपासणी केली, तर साधारण चौघांत एकाच्या मोठ्या आतड्यात पित्ताम्लं, म्हणजे पित्तरसातले मेद पचवायला मदत करणारे रेणू, गरजेपेक्षा जास्त उतरत असल्याचं दिसतं. त्यावर औषध आहे आणि ते जुनं आहे. तरी कित्येक रुग्णांना वर्षानुवर्षं हा शब्दसुद्धा ऐकायला मिळत नाही. अलीकडे आतड्यातल्या जिवाणूंची चर्चा सुरू झाली, वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांमुळे पित्ताशयात खडे होतात का असा प्रश्न लोक विचारू लागले, आणि त्या निमित्ताने पित्ताम्लांचं नाव बातम्यांत येऊ लागलंय.

## पित्तरसात असतं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, ते सहसा जठरातल्या आम्लामुळे. इथे विषय आहे यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाचा.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. त्यात बहुतेक पाणी, बाकी क्षार, कोलेस्टेरॉल, लेसिथिन, बिलिरुबिन आणि पित्ताम्लं. पिवळा-हिरवा रंग बिलिरुबिनचा. जुन्या लाल पेशी मोडल्यावर उरणारा तो टाकाऊ पदार्थ, आणि पचनात त्याचा काही उपयोग नाही. शौचाचा तपकिरी रंगही त्याच्यापासूनच येतो. म्हणून पित्तनलिका अडली की शौच मातकट-पांढरं होतं, लघवी गडद होते आणि डोळे पिवळे दिसतात. पचनाचं खरं काम करणारी पित्ताम्लं मात्र या रंगाच्या आड राहतात.

पित्ताम्लं यकृतात कोलेस्टेरॉलपासून बनतात. माणसात मुख्य दोन: कोलिक आम्ल आणि किनोडीऑक्सिकोलिक आम्ल. यकृत त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिन हे छोटे रेणू जोडतं, त्यामुळे ती पाण्यात चांगली विरघळतात. जेवणांच्या मधल्या वेळात बराचसा पित्तरस पित्ताशयात जातो. ही पिशवी जेमतेम ३०–५० मिलिलिटरची, पण ती पाणी शोषून घेते आणि आतला रस कितीतरी पट दाट करते. स्निग्ध जेवण लहान आतड्यात उतरलं की आतड्याच्या अस्तरातून एक हार्मोन सुटतं, पित्ताशय आकुंचन पावतं आणि हा दाट रस आतड्यात येतो.

या रेणूंची रचना ही एके काळी रसायनशास्त्रातली मोठी डोकेदुखी होती. हाइनरिश वीलांट यांना पित्ताम्लांवरच्या कामासाठी १९२७ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की त्यांनी तेव्हा मांडलेला सांगाडा चुकीचा होता. क्ष-किरणांनी केलेल्या मोजमापाशी तो जुळेना, आणि १९३२ मध्ये तो दुरुस्त करावा लागला.

## तेल आणि पाणी एकत्र येतं कसं?

आतड्यातलं वातावरण पाण्याचं, आणि स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळत नाही. मेद तोडणारं विकर, म्हणजे लायपेज, पाण्यात काम करतं. मोठ्या थेंबाच्या आत त्याला शिरता येत नाही, काम होतं ते फक्त पृष्ठभागावर. इथे पित्ताम्लं साबणासारखी वागतात. रेणूची एक बाजू तेलाकडे ओढ घेते, दुसरी पाण्याकडे. जठर आणि आतडं घुसळण करतात, थेंब फुटतात, पित्ताम्लं आणि लेसिथिन फुटलेल्या थेंबांभोवती जमतात आणि त्यांना परत एकमेकांत मिसळू देत नाहीत. थेंब जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, आणि तितकं लायपेजचं काम वेगाने.

पण यापुढचं काम जास्त महत्त्वाचं. मेद तुटल्यावर निघालेली मेदाम्लं पाण्यात मोकळी फिरू शकत नाहीत. पित्ताम्लं त्यांना आपल्या पुंजक्यांत घेतात, आणि हे अतिसूक्ष्म पुंजके त्यांना आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचवतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही याच वाटेने आत जातात. पित्तमार्ग बराच काळ अडलेला राहिला, तर के जीवनसत्त्व कमी पडतं आणि रक्त गोठायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ही तपासणी पाहतात त्याचं एक कारण हे.

या साबणाची ताकद कमी समजू नका. हनुवटीखालची चरबी विरघळवण्यासाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालेलं इंजेक्शन म्हणजे डीऑक्सिकोलिक आम्लच, पित्ताम्लांपैकीच एक. ते चरबीच्या पेशींची आवरणं फोडतं. इतका तिखट पदार्थ शरीर रोज आतड्यात सोडतं, म्हणजे तो कुठे, किती आणि किती वेळ राहतो यावर कडक नियंत्रण असणार हे उघड आहे. पित्ताम्लांचे जवळजवळ सगळे आजार समजून घ्यायचे तर हा जागेचा मुद्दा धरून ठेवा.

## साठा तीन ग्रॅमचा, काम वीस ग्रॅमचं

अंगातली सगळी पित्ताम्लं एकत्र केली तर भरतील साधारण २ ते ४ ग्रॅम. एवढ्याशा साठ्यातून दिवसभरात त्याच्या कितीतरी पट पित्ताम्लं आतड्यात उतरतात, कारण तीच ती पुन्हा वापरली जातात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांना ओढून घेणारी खास प्रथिनं असतात. तिथून पित्ताम्लं रक्तात, रक्तातून यकृतात आणि यकृतातून परत पित्तरसात जातात. दिवसाला सहा ते दहा फेऱ्या सहज होतात. ९५ टक्क्यांहून जास्त माल परत मिळतो. रोज शौचातून जातं ते जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि तेवढंच यकृत नव्याने बनवतं.

ही व्यवस्था अशी की मेदाचं शोषण लहान आतड्याच्या वरच्या भागात उरकतं आणि पित्ताम्लं उचलली जातात अगदी खाली. म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत ती आतड्यातच राहतात. बी-१२ जीवनसत्त्वही याच शेवटच्या भागात शोषलं जातं. म्हणून या भागाचा आजार झाला की दोन्हींची चौकशी करावी लागते.

## यकृताला कळतं कसं, किती बनवायची ते?

फार काळ पित्ताम्लांना पचनापलीकडे कोणी महत्त्व देत नव्हतं. १९९९ मध्ये चित्र बदललं. पेशींच्या आत असलेलं एफएक्सआर नावाचं ग्राहक-प्रथिन पित्ताम्लांनीच जागं होतं, असं एकाच वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं. म्हणजे पित्ताम्लं संदेश देतात, हार्मोनसारखी.

त्यांचा सगळ्यात कामाचा संदेश यकृतासाठी असतो. लहान आतड्याच्या टोकाला पित्ताम्लं पेशीत शिरली की पेशी एफजीएफ-१९ नावाचं हार्मोन रक्तात सोडते. ते यकृतात पोचतं आणि कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवणाऱ्या विकराचं काम मंदावतं. पुरेसा माल परत येतोय, नवीन नको, असा हा निरोप. शिवाय टीजीआर-५ नावाचं दुसरं ग्राहक-प्रथिन आहे. आतड्यातल्या काही पेशी त्याच्यामार्फत जीएलपी-१ हार्मोन सोडतात. भूक आणि रक्तातली साखर यांच्याशी संबंध असलेलं हेच ते हार्मोन, ज्याची नक्कल करणारी इंजेक्शनं आज गाजतायत. लठ्ठपणावरच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर रक्तातली पित्ताम्लं वाढतात. तिचा साखरेवर होणारा परिणाम काही अंशी त्यांच्यामुळे असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

## मग जुलाब का होतात?

पित्ताम्लं लहान आतड्यात असली की कामाची. तीच जास्त प्रमाणात मोठ्या आतड्यात उतरली की तिथलं अस्तर क्षार आणि पाणी आत सोडू लागतं, आतड्याच्या हालचाली वाढतात आणि घाई होते. याचा पुरावा कोणी न योजता मिळाला. १९७० च्या दशकात पित्ताशयातले कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवण्यासाठी रुग्णांना किनोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देऊ लागले. खडे काहींचे विरघळले, पण जुलाबांनी लोक हैराण झाले, आणि डोस वाढवला की जुलाबही वाढत. पुढे त्याची जागा अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाने घेतली. तेही पित्ताम्लच, पण पुष्कळ सौम्य. आजही यकृताच्या काही आजारांत हेच देतात.

जास्तीची पित्ताम्लं खाली उतरण्याची कारणं काही ठरलेली आहेत. क्रोन आजारात लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजतो किंवा शस्त्रक्रियेत काढावा लागतो. इथे एक बारकावा आहे, आणि तो चुकला तर उपचार उलटा पडतो. काढलेला भाग साधारण एक मीटरपेक्षा कमी असेल, तर यकृत जास्त उत्पादन करून तूट भरून काढतं. मेद पचतो, पण जुलाब होतात, आणि पित्ताम्लं बांधून ठेवणाऱ्या औषधाने ते थांबतात. भाग त्याहून लांब असेल तर यकृताला तूट भरता येत नाही. मग मेदच पचत नाही, शौच तेलकट होतं, आणि तेच औषध दिलं तर उरलीसुरली पित्ताम्लंही हातची जातात. अशांना मेद कमी असलेला आहार किंवा पित्ताम्लांशिवाय शोषले जाणारे मध्यम लांबीचे मेद देतात. दोघांचंही गाऱ्हाणं जुलाबाचंच असतं, उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात.

आणि मग उरतात ते लोक ज्यांचं आतडं पूर्ण धडधाकट दिसतं. त्यांच्यात शोषणच कमी होत असणार, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की अशा रुग्णांच्या रक्तात एफजीएफ-१९ कमी असतं. 'पुरे झालं' हा निरोप यकृतापर्यंत नीट पोचत नाही. यकृत बनवतच राहतं, आणि शोषून घेण्याची क्षमता ठीक असूनही माल इतका जास्त होतो की काही भाग खाली निसटतो. मला या विषयातला हा सगळ्यात देखणा उलगडा वाटतो. सगळे आतड्यात बिघाड शोधत होते, आणि गडबड होती आतडं आणि यकृत यांच्या बोलण्यात.

## पित्ताशय काढल्यावर पचन कसं होणार?

बहुतेकांचं व्यवस्थित होतं. पित्तरस यकृत बनवतं, पित्ताशय फक्त साठवतं. ते काढल्यावर रस जेवणाची वाट न पाहता सतत आतड्यात झिरपत राहतो. काहींना मात्र त्यानंतर जुलाबांचा त्रास सुरू होतो. 'ऑपरेशनला वर्ष झालं, आता त्याचा काय संबंध' म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहून जाते. सांगायला हवी.

## तपासायचं कसं, औषध काय?

काही देशांत सेहकॅट नावाची चाचणी होते. सेलेनियमचा किरणोत्सारी अणू जोडलेलं कृत्रिम पित्ताम्ल कॅप्सूलमधून देतात, त्याच दिवशी मोजतात आणि सातव्या दिवशी पुन्हा मोजतात. १५ टक्क्यांपेक्षा कमी शिल्लक असेल तर पित्ताम्लं वाजवीपेक्षा जास्त निसटतायत. ही चाचणी सगळीकडे मिळत नाही, अमेरिकेतही नाही. पर्याय म्हणजे सी-४ हा रक्तातला पदार्थ मोजणं, कारण यकृतातलं उत्पादन वाढलं की तो वाढतो. किंवा ४८ तासांचं शौच गोळा करून त्यातली पित्ताम्लं मोजणं. हे कोणालाच आवडत नाही. म्हणून पुष्कळ डॉक्टर सरळ औषध देऊन बघतात.

औषध म्हणजे कोलेस्टिरामिन. ही पूड असते आणि ती पाण्यात विरघळत नाही, ढवळल्यावरही वाळूसारखी दाताखाली येते. चवीचं कौतुक करणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. ती रक्तात जात नाही, आतड्यातच पित्ताम्लांना पकडते आणि शौचातून बाहेर पडते. पण पकडताना ती निवड करत नाही. इतर औषधं आणि जीवनसत्त्वंही धरून ठेवते. म्हणून बाकीच्या गोळ्या हिच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यायच्या. रक्त पातळ ठेवणारी किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर हे विसरून चालत नाही. डोस जास्त झाला की पोट फुगतं आणि बद्धकोष्ठता होते. याच प्रकारे काम करणाऱ्या कोलेसेव्हेलॅमच्या गोळ्या घ्यायला सोप्या जातात.

मनाने मात्र हे काही सुरू करू नका. शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा ताप असेल तर आधी दुसरी कारणं तपासावी लागतात.

## जिवाणूंचा यात काय वाटा?

मोठ्या आतड्यात पोचलेली पित्ताम्लं तशीच राहत नाहीत. तिथले जिवाणू आधी ग्लायसिन-टॉरिनचा जोड तोडतात, मग त्यांतल्या थोड्याच जाती मूळ रेणूतला एक भाग काढून टाकतात. अशी तयार होतात डीऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक ही दुय्यम पित्ताम्लं. २०२० मध्ये तर जिवाणू पित्ताम्लांना फेनिलअॅलनिन, टायरोसिन, ल्यूसिन असे इतर अमिनो आम्लांचे रेणूही जोडतात असं दिसून आलं. हे जोडकाम फक्त यकृत करतं, हा समज तेव्हा मोडला.

याचा रोजच्या वैद्यकाशी थेट संबंध आहे. प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर काही रुग्णांना क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूमुळे भयंकर जुलाब होतात, कधी जिवावर बेततं. या जिवाणूचे बीजाणू आतड्यात सुप्त पडून असतात. टॉरिन जोडलेल्या मूळ पित्ताम्लामुळे ते उगवतात. डीऑक्सिकोलिक आम्ल मात्र त्यांची वाढ रोखतं. प्रतिजैविकांनी दुय्यम पित्ताम्लं बनवणाऱ्या मोजक्या जाती मारल्या की उगवायला मदत करणारं आम्ल शिल्लक राहतं आणि रोखणारं संपतं. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स ही अशीच एक राखण करणारी जात, हे २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू रुग्णाला देण्याचा उपचार या आजारात प्रभावी ठरतो. त्यानंतर दुय्यम पित्ताम्लं परत येतात, आणि उपचार लागू पडण्याचं तेही एक कारण मानलं जातं.

म्हणजे दुय्यम पित्ताम्लं चांगली? थांबा. हीच पित्ताम्लं फार वाढली तर मोठ्या आतड्याच्या अस्तराला इजा करतात, आणि कर्करोगाच्या जोखमीशी त्यांचा संबंध जोडला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिट्सबर्गचे २० आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले २० जण यांचा आहार दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केला. चोथा जास्त आणि मेद कमी असं खाल्ल्यावर अमेरिकेतल्या गटात दुय्यम पित्ताम्लं घटली. दुसऱ्या गटात, मेद वाढून चोथा कमी झाल्यावर, ती वाढली. दोनच आठवड्यांत. याने कोणाचा कर्करोग टळला असं सिद्ध होत नाही, तेवढा तो प्रयोग मोठा नव्हता. पण जेवण बदललं की आतड्यातलं रसायन किती लवकर बदलतं ते कळलं.

## मग पित्ताम्लं बाहेर काढून टाकलेलीच बरी ना?

कोणासाठी, यावर उत्तर अवलंबून आहे. शरीराला कोलेस्टेरॉलचा सांगाडा जाळून संपवता येत नाही. तो पित्तरसावाटे, काही तसाच आणि काही पित्ताम्लांच्या रूपात, बाहेर टाकावा लागतो. पित्ताम्लं शौचातून जास्त गेली की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून नवी बनवतं. याच तत्त्वावर कोलेस्टिरामिनची मोठी चाचणी झाली होती. सुमारे ३,८०० पुरुषांना सात वर्षांहून अधिक काळ तपासलं, आणि १९८४ मध्ये निकाल आला: हृदयविकाराचे झटके आणि त्याने होणारे मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या येण्याआधी, कोलेस्टेरॉल उतरवल्याने हृदय वाचतं याचा तो भक्कम पुरावा होता. ओटसारख्या धान्यातला विरघळणारा चोथा हेच काम सौम्यपणे करतो.

बद्धकोष्ठता असलेल्यांसाठी तर पित्ताम्लं मुद्दाम खाली पाठवणारं औषध आहे. एलोबिक्सिबॅट लहान आतड्याच्या टोकाची ओढून घेणारी प्रथिनं थोपवतं. जपानमध्ये ते २०१८ मध्ये मंजूर झालं. एकाचा आजार तो दुसऱ्याचा उपचार, तो असा.

'लिव्हर फ्लश' मात्र सोडून द्या. भरपूर तेल आणि लिंबाचा रस प्यायल्यावर शौचातून हिरवे मऊ गोळे पडतात, आणि लोक ते पित्ताचे खडे म्हणून फोटो टाकतात. २००५ मध्ये डॉक्टरांनी असे गोळे तपासले, तेव्हा ते प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात झालेला साबण निघाला.

खरे खडे होतात ते पित्तरसातलं कोलेस्टेरॉल पित्ताम्लं आणि लेसिथिनच्या आवाक्याबाहेर गेलं की. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा नेमकं हेच घडतं. साठलेल्या चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तरसात येतं, खाणं कमी असल्याने पित्ताशय नीट रिकामं होत नाही, आणि स्फटिक धरतात. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांपैकी एक असलेल्या सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रकात पित्ताशयाच्या आजाराचा इशारा आहे. पण उपाशी राहून किंवा शस्त्रक्रियेने वजन वेगाने घटवलं तरी धोका असतोच. शस्त्रक्रियेनंतर म्हणूनच काही महिने अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल देतात. उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं, ताप किंवा कावीळ आली, तर इंजेक्शनचा किरकोळ त्रास समजून घरी बसू नये.

## रक्तात साठली तर?

यकृतातून पित्तरस नीट वाहिला नाही की पित्ताम्लं रक्तात चढतात आणि अंगाला खाज सुटते. पुरळ दिसत नाही, नुसती खाज. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही स्त्रियांना हे होतं, विशेषतः तळहात-तळपायांना आणि रात्री जास्त. गरोदरपणात कातडी ताणते म्हणून खाजतं, अशी समजूत घालून पुष्कळदा ते सोडून दिलं जातं. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतंही. पण रक्तातली पित्ताम्लं लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून वर गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो, असं २०१९ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसलं. बाळंतपण कधी करायचं हे डॉक्टर बरंचसं याच आकड्यावरून ठरवतात. यकृताच्या नेहमीच्या तपासणीत, म्हणजे एलएफटीमध्ये, हा आकडा नसतो. त्यामुळे एलएफटी नॉर्मल आली आणि खाज थांबत नसेल, तर 'सीरम बाइल अॅसिड' ही तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.